दामूकाका प्लेनर निवडतात

दामूकाका म्हात्रे मासळीबाजारात जाताना पिशवी विसरतात, चष्मा विसरतात, एकदा तर चपला विसरून अनवाणीच गेले होते. पण खिशातला व्हर्नियर कॅलिपर ते कधी विसरत नाहीत. सुरमई कापून झाली की ते एकेका तुकडीची जाडी मोजतात. "चार सूत सांगितलेली. ही साडेपाच हाय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं माप. थळच्या बाजारातल्या मासेवाल्या एरवी कुणाचं ऐकून घेत नाहीत, पण या कॅलिपरपुढे त्यांनी हात टेकले आहेत. "या, लावा तुमचा चिमटा," असं म्हणून त्या स्वतःच तुकडी पुढे करतात. काका मोजतात, मान हलवतात आणि जाड निघालेली तुकडी गुपचूप पिशवीत टाकतात. ती परत करायची नसते. ती जाड आहे हे सगळ्यांना कळलं पाहिजे, एवढंच.

काका आमचे शेजारी. खताच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या गोठ्यात सुतारकाम सुरू केलं. मी घरूनच नोकरी करते आणि माझ्या टेबलासमोरची खिडकी त्या गोठ्याकडे उघडते. मी फारशी कुणाशी बोलत नाही, त्यामुळे बघायला मला भरपूर वेळ मिळतो.

त्यांच्या बोटांवर माझा आधी विश्वास नव्हता. एकदा त्यांनी माझ्याकडून ऑफिसची वही घेतली, अंगठा आणि तर्जनीत धरली आणि म्हणाले, "अडीच सूत, जरा कमी." मग कॅलिपर लावून मला दाखवला. अडीच सूत, जरा कमी. त्यानंतर मी घरातल्या वस्तू नेऊन त्यांची परीक्षा घ्यायला लागले. आईचा पोळपाट, बाबांचं पासबुक, माझा फोन. ते चुकतील म्हणून मी वाट बघायचे आणि चुकले नाहीत की मला का कोण जाणे, बरं वाटायचं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "काढलेलं परत लागत न्हाय." लाकूड तासताना ते म्हणतात, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर म्हणतात, आणि शेजारच्या दोन भावांचं भांडण सोडवायला गेले तेव्हा तोंडातून काढलेल्या शब्दांबद्दलही त्यांनी तेच म्हटलं. बहुधा म्हणूनच ते कमी बोलतात. कुसुमकाकूंशी तर फारच कमी. "जेवन?" "वाढलंय." "पानी?" "भरलंय." मी कुंपणापलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेला त्यांचा संसार साधारण एवढा आहे.

अपवाद होता तो रोजच्या चार ते पाचचा. त्या तासात रंधा चालायचा.

रंधा मी आधी एकट्या माणसानं मारलेलाच पाहिला होता. पण रुंद फळीसाठी मोठा रंधा लागतो आणि तो दोघांचं काम आहे. मागून एकानं ढकलायचं. रंध्याच्या पुढच्या टोकाला दोरी बांधलेली असते, ती समोरून दुसऱ्यानं ओढायची. काका ढकलायचे, काकू ओढायच्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, एक पाय मागे. काका "हं" म्हणायचे, की काकू ओढायच्या. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळ, लांब छिलका न तुटता निघायचा, आणि पुन्हा "हं". एका तासात ते दोघं निदान दोनशे वेळा एकमेकांशी बोलायचे, असा माझा हिशेब होता. काकू अधूनमधून म्हणायच्या, "जोर कमी पडतोय. म्हातारं झालंत." काका म्हणायचे, "दोरी ढिली धरतंस." मग दोघं आणखी जोरात. मी खिडकीतून काम सोडून बघत बसायचे. दोन माणसं इतकी बरोबर एकाच क्षणी हलताना मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाहीत.

वादळात काकांच्या वाडीतला फणस पडला होता. त्याच्या फळ्या कापून आणून त्यांनी गोठ्यात रचून सुकवल्या, आणि गावातल्या बालवाडीला चौदा बुटकी बाकं करून द्यायचं कबूल केलं. फळ्या कुठे नऊ सूत, कुठे दहा. सगळ्या बरोबर सात सुतांवर आणायच्या होत्या. दोन बाकं झाली आणि काकूंचा उजवा खांदा गेला. हात डोक्यापर्यंत जाईना. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, औषधानं दुखणं कमी होईल, पण या हातानं ओढायचं काम पुन्हा कधीच नाही.

माझे बाबा मदतीला गेले. त्यांनी एकदाच दोरी ओढली. काका छिलक्याकडे बघत म्हणाले, "तुमी सही केल्यासारकं ओढता." बाबा बँकेत आहेत. ते घरी आले आणि हा विषय पुन्हा काढला नाही. गावातला एक चांगला सुतारही यायला तयार होता. काका म्हणाले, "त्याचा हात वेगळा हाय." मग एका संध्याकाळी ते कुंपणापाशी आले आणि मला म्हणाले, "पोरी, तू इंग्रजी शाळेतली ना? मंग मला मशीन बगून दे."

मशीन म्हणजे थिकनेस प्लेनर. फळी एका बाजूनं आत सरकवायची. आतले रोलर ती ओढून घेतात, फिरणारी पाती वरून तासतात आणि दुसऱ्या बाजूनं फळी एकसारख्या जाडीची होऊन बाहेर येते. घरच्या कामाला छोटा, पोर्टेबल मिळतो.

"पोर्टेबल कनाला म्हनतात?" काकांनी विचारलं.

"उचलून नेता येतं त्याला."

"वजन किती?"

"चौतीस किलो."

काकांनी स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. "त्यांच्यात नेनारी मानसं वेगळी असतील," ते म्हणाले.

मी लॅपटॉपवर तक्ता केला. पात्यांची संख्या, मोटर, रुंदी, टेबलाची लांबी, सुटे भाग कुठे मिळतात, सगळं. लोकांचे अभिप्राय वाचून मराठीत सांगितले. व्हिडिओ दाखवले. एका व्हिडिओत बर्फाळ देशातला एक म्हातारा लोकरीची टोपी घालून अक्रोडाची फळी तासत होता. काका त्याच्याशी बोलायला लागले. "अरे, रेषेच्या उलट घालतोस. फुटंल." पुढच्या क्षणी फळीचा कोपरा फुटला. काकांनी मान हलवली. "सांगत व्हतो." मी सगळं गंभीरपणे पाहत होते. साता समुद्रापलीकडच्या माणसाची चूक घडण्याआधीच काकांना दिसते, याची मला थोडी भीतीच वाटली.

पण काकांना मशीन पसंत पडेना. पहिल्याची मूठ प्लास्टिकची होती. दुसरं आमच्या गावच्या विजेवर रडेल असं त्यांचं मत पडलं. तिसऱ्याचा रंग पिवळा होता. "खाऱ्या वाऱ्यात पिवळं चार म्हयन्यांत कावीळ झाल्यासारकं दिसतं." चौथ्याचा आवाज त्यांनी फोनवर पूर्ण मोठा करून ऐकला, गोठ्यातल्या कोंबड्या बाहेर पळाल्या, आणि काका म्हणाले, "याच्यात मानसाचं ऐकाया येनार न्हाय." मी म्हटलं, सगळ्याच प्लेनरांचा आवाज असा असतो. "मंग सगळीच वाईट," ते म्हणाले.

चार महिने असे गेले. बालवाडीच्या बाईंनी दोनदा विचारून पाहिलं. मला वाटत होतं, काकांच्या चोखंदळपणाचा हा कळस आहे. ज्याला सुरमईतला दीड सूत सहन होत नाही, त्याला अख्खं मशीन कसं पसंत पडणार.

या चार महिन्यांत काकू गोठ्यात गेल्या नाहीत. चार वाजले की त्या पुढच्या ओटीवर सूप घेऊन बसायच्या आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. एक दिवस मी तक्त्याचा कागद द्यायला गेले, तर त्यांनी ती रंध्याची दोरी साबणानं धुऊन कपड्यांबरोबर वाळत घातली होती. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली.

"मळली व्हती," त्या म्हणाल्या. मग सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. तो खडा नव्हता, तांदूळच होता. "मशीन येऊ दे गो लवकर. मी सुटले. न्हायतरी आता माजं काय काम हाय थितं?"

काका त्यांच्या पाठीमागे, ओटीच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. त्यांच्या हातात कॅलिपर होता आणि त्यात काहीच धरलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी मला गाडी काढायला सांगितलं. पनवेलला हत्यारांचं मोठं दुकान आहे, तिथे मशीन चालवून दाखवतात. "आनि हिला पन घेऊ," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "मी कनाला?" काका म्हणाले, "फळी धराया." फणसाची एक फळी त्यांनी बरोबर घेतली होती. काकू ती मांडीवर आडवी घेऊन मागच्या सीटवर बसल्या.

दुकानाचे शेठ उत्साही होते. माझ्या तक्त्यात पहिलं आलेलं मशीनच त्यांनी आधी दाखवलं. त्याला दोन्ही बाजूंना लांब टेबलं होती. काकांनी फळी आत सरकवली, मशीन ओरडलं, फळी पलीकडच्या टेबलावर जाऊन आपली आपण निजली. काकांनी तीन ठिकाणी कॅलिपर लावला. केसाचाही फरक नव्हता.

"एक नंबर माल आहे, काका," शेठ म्हणाले. "एकदम बिंदास एकटे काम करा. हेल्परची झंझटच नाही."

काकूंनी पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि त्या दुकानाच्या दाराकडे बघायला लागल्या. काकांनी मशीनच्या टेबलावरून हात फिरवला, वाकून खाली पाहिलं, सरळ झाले. मला वाटलं, आता रंगाबद्दल काहीतरी म्हणतील.

"त्ये कोपऱ्यातलं चालवा," ते म्हणाले.

कोपऱ्यातलं मशीन माझ्या तक्त्यात शेवटचं होतं. पाती तीच, मोटर तीच, पण बाहेरच्या बाजूला टेबल जवळजवळ नव्हतंच. शेठ जरा नाराजीनंच तयार झाले. फळी गेली, पलीकडे आली आणि शेवटच्या वितीला आपल्या वजनानं झुकली. काकांनी कॅलिपर लावला. मागचं टोक वर उचललं गेल्यामुळे तिथे पात्यानं जास्त खाल्लं होतं.

"बघा, झालं ना," शेठ म्हणाले. "याला समोरून फळी झेलायला माणूस लागतो."

"मानूस हाय," काका म्हणाले. आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "ये गो. डावा हात दे. ओढायचं न्हाय. नुसतं खालून धरायचं."

काकू मशीनच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला. मशीन पुन्हा सुरू झालं, दुकानात कुणाचंच काही ऐकू येईना. काकांनी फळी आत दिली आणि हनुवटी जराशी वर केली. काकूंनी डावा तळवा पुढे केला. फळी बाहेर आली, ती त्यांच्या हातावर टेकली आणि त्या तिच्याबरोबर एक एक पाऊल मागे सरकत गेल्या, अजिबात घाई न करता, जणू कुणाला तरी घरात घेत आहेत.

काकांनी फळी तपासली. या टोकाला, मध्ये, त्या टोकाला. कॅलिपर खिशात ठेवला.

"ह्येच द्या."

शेठ धंद्यातले माणूस. त्यांनी लगेच एक लोखंडी घोडा पुढे आणला, वर रोलर बसवलेला. "मग हा स्टँड घ्या बरोबर. समोर ठेवला की माणसाची गरज नाही."

"त्यो नको," काका म्हणाले. आवाज इतका कडक होता की शेठनी स्टँड मागे नेला आणि मला विचारलं, "काही चुकलं का?" मी मान हलवून नाही म्हटलं.

परत येताना मशीन डिकीत होतं आणि फळी काकूंच्या मांडीवर. पेण मागे पडलं तरी काका समोरच्या रस्त्याकडेच बघत होते. शेवटी काकूंनीच सुरुवात केली.

"चार म्हयने त्या पोरीचं डोकं खाल्लंत. आनि शेवटाला आनलंत काय, तर अर्धवट मशीन."

"व्हय," काका म्हणाले.

"पयलं चांगलं व्हतं. आपापलं चालनारं."

"व्हय."

"आता ह्याच्यापायी मला रोज थितं उभं ऱ्हावं लागनार."

काकूंनी फळीवरचा पिवळा भुसा तळव्यानं एका बाजूला सारला.

"मंग सांगून ठेवते," त्या म्हणाल्या, "चार वाजता येईन. त्याच्याआधी हाका मारायच्या न्हाय."

"साडेतीनला ये," काका म्हणाले. "बाकं अजून बारा हायत."