सुभेदारांचा बिनमोटारीचा रस्ता

माझं डोकं उसात आणि पाय पाण्यात, अशी मी आडवी पडले होते. एक चप्पल पाटातून वाहत चालली होती. सायकल माझ्या मांडीवर होती. आणि सुभेदार गुडघाभर चिखलात ताठ उभे राहून मला सांगत होते, "आक्का, रूट मात्र क्लिअर होता."

"मेल्या, आधी सायकल काढ," मी म्हटलं. एरवी मी त्यांना अहोजाहो करते. त्या दिवशी राहिलं.

सुभेदार विश्रामबागेत माझ्या शेजारी राहतात. मूळचे फलटणकडचे, शेतकऱ्याचं पोर. उमर फौजेत गेली, आणि बायकोचं माहेर कृष्णाकाठचं म्हणून निवृत्त झाल्यावर सांगलीला आले. मोटार चालते त्या रस्त्यावर हा माणूस सायकल घालत नाही. मंडई आमच्यापासून हाकेवर आहे. सुभेदार मागच्या बोळातून ओढ्यात उतरणार, मळ्यामळ्यांतून जाणार, वीटभट्टीला वळसा घालणार आणि मंडईत मागच्या अंगाने शिरणार. घरी येईपर्यंत कोथिंबीर मान टाकते.

"सुभेदार, कोथिंबीर वाळवायला नेली होती का?" मी एकदा विचारलं.

"कोथमीर सुकली तर सुकू द्या, आक्का. माणूस जित्ता माघारी आला का न्हाई, ते बघायचं."

रस्त्यांची त्यांनी प्रतवारी लावली आहे. मुरमाचा रस्ता म्हणजे जावई, त्याचं किती कौतुक करू आणि किती नको. काळ्या मातीची वाट गद्दार, उन्हाळ्यात गोड बोलते आणि ओल लागली की पाय धरते. डांबरी सडक म्हणजे दुश्मन. तिचं नावही घेत नाहीत, नुसतं "ती" म्हणतात. नवख्या माणसाला वाटावं, सुभेदारांचं बाहेर काही आहे.

एकदा वळण चुकू नये म्हणून त्यांनी एका शेतवाटेच्या तोंडाशी दगडाला चुना फासला. थोड्या दिवसांनी बघतात तर दगडावर हळदकुंकू. अमावास्येला नारळही फुटला. "माझ्या खुणंचा दगड लोकांनी देव केला की वो!" असं म्हणत आले. आता ते स्वतःच तिथे सायकलवरून उतरतात आणि सॅल्यूट ठोकतात. म्हणतात, "काय सांगावं, असंल बी."

आणखी एक खोड. गल्लीत कुठे हॉर्न वाजला की हातातलं टाकून उठतात आणि ओरडतात, "सुमन कुठाय?"

सुमन त्यांची बायको. बहुतेक वेळा ती समोरच भाजी निवडत असते. "ही काय हितं," ती म्हणते. मग ते बसतात. दूधवाल्याला एकदा, गॅसवाल्याला एकदा, कुणाचा जावई नव्या गाडीतून आला की दहादा. गल्लीतल्या बायका हसायच्या. मीही हसायची.

सुमन मात्र घराबाहेर पडत नसे. मागे दोघांना स्कूटरवर अपघात झाला होता. तेव्हापासून बाईनं धसका घेतला, असं सुभेदार सगळ्यांना सांगत आणि सुमन मान हलवत असे. लग्न नाही, बारसं नाही, हळदीकुंकू नाही. त्यात तिची थोरली बहीण तारा तिकडे गावाला अंथरुणाला खिळली. फोनवर तिचं एकच, "सुमे, एकदा तोंड दाखवून जा गं." भाच्यानं जीप आणली, तर सुभेदार फाटकात आडवे उभे. "ती बसायची न्हाई गाडीत. लय भ्याली हाय."

भाचा गेला. सुमन आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

तेव्हा सुभेदारांनी मनावर घेतलं. ताराच्या दारापर्यंत बिनमोटारीचा रस्ता काढायचा आणि सुमनला सायकलवर न्यायचं. आधी कालव्याकडेचा मुरूम, मग शेतवाट, मग उसातून. कॅरियरला उशी बांधली. मागे टेकायला मोडक्या खुर्चीची पाठ जोडून घेतली. पहिल्यांदा गव्हाचं पोतं बसवून फिरवलं. पण पोतं काही बोलेना.

"आक्का, तुमी बसा. तुमचं वजन सुमनएवढंच हाय. आन् कुठं दुखलं तर तुमी गप बसायच्या न्हाई."

बसले नाही मी गप. दगडागणिक बोलले. कालव्यापर्यंत बरं गेलं. बगळे बघितले, सुभेदारांचा इतिहास ऐकला. मग उसात वळलो आणि पुढे वाटच नव्हती. कुणीतरी ती आडवी फोडून पाणी पलीकडच्या शेतात घेतलं होतं. सुभेदारांनी ब्रेक दाबला, काळ्या मातीनं पाय धरला, आणि पुढचं मी सांगितलंच.

पाणी पाजणारी एक बाई खोरं घेऊन धावत आली. तिनं मला बगलेत धरून उठवलं.

"वाट कुणी फोडली?" सुभेदारांनी कडक आवाजात विचारलं.

"वाट? आवं मामा, बांध हाय आमचा. सायकल फिरवून फिरवून तुमीच त्याची वाट केलीया. आज लाईट हाय, पाण्याची पाळी आमची हाय. तुमच्या सायकलीसाठी पाळी सोडू व्हय?"

सुभेदारांनी ऊन बघितलं होतं, चढ बघितले होते, कुत्री बघितली होती. पण शेतात लाईट कोणत्या दिवशी येते आणि पाण्याची पाळी कुणाची, हे या शेतकऱ्याच्या पोराला विचारावंसं वाटलं नाही. "खबर कच्ची पडली," ते पुटपुटले. मग माझी चप्पल शोधायला गेले.

चालतच परत आलो. चिखलानं भरलेली आमची ध्यानं सुमननं फाटकातून बघितली आणि ती धावत थेट रस्त्यावर आली. मागून टेम्पो येत होता. त्यानं हॉर्न दिला. सुमननं वळूनही न बघता हात वर केला, "थांब रं जरा, दिसत न्हाई व्हय?" टेम्पो थांबला. सुभेदारांनी सायकल टाकली आणि ओरडले, "सुमन कुठाय?"

"ही काय हितं," ती म्हणाली. तिनं त्यांचा दंड धरला होता.

धसका घेतलेली बाई असा टेम्पो थांबवत नाही. न्हाणीत ती माझ्या पाठीवर ऊन पाणी ओतत होती, तेव्हा मी सरळ विचारलं, "सुमे, तू कशाला गं भितेस?"

"मी कुठं भिते, आक्का? ते भितात. मी जरा नजरंआड झाले की त्यांचा जीव ऱ्हात न्हाई. पर फौजेतला माणूस गाडीला भितो म्हटलं तर लोक हसत्यात. बाई भिते म्हटलं की कोण हसत न्हाई."

"आणि तारा?"

तिनं पुढचा तांब्या ओतला.

मी बाहेर येऊन म्हटलं, "सुभेदार, त्या बाईकडून पाळीचं विचारून या. माझं हाड मोडलं नाही, हिचंही मोडणार नाही. उगाच लांबवू नका, तारा काही थांबून राहणार नाही."

ते विचारून आले. कोरडा दिवस बघून दोघं गेले. संध्याकाळी सुमन लाल डोळ्यांनी परत आली आणि माझ्या ओट्यावर बसून हसायला लागली.

गावाच्या अलीकडे एक डांबरी सडक आडवी येते. तिला वळसाच नाही. सुभेदारांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सडकेवर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. सुभेदारांचे पाय थांबले. "सुमन, माघारी फिरू," म्हणाले. सुमन खाली उतरली, सायकल स्वतः धरली आणि म्हणाली, "डोळं मिटा. माझा पदर धरा." पदर धरून सुभेदारांनी सडक ओलांडली. तारानं बहिणीला बघून आधी शिवी दिली, मग गळ्यात पडली.

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, अपघातात नेमकं झालं काय.

पुढं उसाची ट्रॉली चालली होती, ती उलटली. स्कूटर ढिगात गेली. सुमन उडून पलीकडच्या चरीत पडली. बांगड्या फुटल्या, बाकी काही नाही. पण मागच्या ट्रकचा हॉर्न अडकला होता, तो बंदच होईना. ती चरीतून ओरडत होती, "मी हितं हाय." त्यांना ऐकू येत नव्हतं. ते एकेक मोळी उपसून फेकत होते आणि ओरडत होते, सुमन कुठाय, सुमन कुठाय. हात सोलून निघाले तरी थांबले नाहीत.

उसाखाली कुणीच नव्हतं. दोघंही वाचले होते.