दहा मोजणारे पुंडलिकबाब

पुंडलिकबाब रस्त्यात भेटले, तर लगेच ओळख दाखवत नाहीत. डावा डोळा मिटतात, उजव्याने तुमच्याकडे बघतात आणि ओठ हलवत दहापर्यंत मोजतात. तुम्ही घाईत असा, उन्हात असा, तुमच्या खांद्यावर भरलेला गॅस सिलिंडर असो, दहा म्हणजे दहा. मग डोळा उघडतात आणि म्हणतात, "हां. आता बोल."

डिचोलीच्या बाजारात आता सगळ्यांना याची सवय झाली आहे. नवखा माणूस मात्र घाबरतो. बँकेत नव्याने आलेल्या एका साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. त्यांनी धावत येऊन तोंडावर पाणी मारलं. पुंडलिकबाबांनी निथळत्या तोंडाने राहिलेले चार आकडे पूर्ण केले, आणि मगच रागावले.

त्यांचा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. आणि हे मोजणं कॅमेऱ्यापाठीमागे तीस-पस्तीस वर्षं उभं राहून अंगात मुरलेलं. दहा आकडे होईपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही, हा त्यांचा कायदा. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पयल्या तीन आकड्यांत माणूस कॅमेऱ्याक दाखयता. फुडल्या तिनांत कंटाळता. सातापासून मरे तो खरो दिसूक लागता. तू सहांत कापलंस, तर तुझ्या हातात काय रवला? नाटक."

मी आठवीतून शाळा सोडलेला. लायसन मिळाल्यावर खनिजाचा टिप्पर चालवायला लागलो. खाणी बंद पडल्या तेव्हा घरी इब्रामपुरात बसून मी आईच्या जिवाला घोर लावत होतो. पुंडलिकबाबांनी मला बोलावून हातात दिवा दिला. लग्नात त्यांच्या मागे दिवा धरून उभं राहायचं, हे माझं काम. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "रे उजेडा" म्हणायचे, आणि रोज सकाळी दुकानात दोन कप च्या करून एक माझ्यापुढे ठेवायचे. त्या माणसाने मला जे दिलं ते मी फेडू शकणार नाही. मी त्यांना बदल्यात काय दिलं, ते पुढे सांगतो. सांगायची लाज वाटते, म्हणून आधी हसण्यासारखं सांगून घेतो.

सकाळी पाववाला पोदेर सायकलवर भोंपू वाजवत यायचा. इतर लोक त्याला थांबवून पाव घेतात. पुंडलिकबाब त्याला पुढे जाऊ द्यायचे, वळणापर्यंत पाठमोरा बघायचे आणि मग हाक मारायचे. पोदेर वैतागून परत यायचा.

"पुंडलिकबाब, येतना घेवंक काय जाता तुमका?"

"येवपाचो शॉट सगळे बघतत रे. वचपाचो कोण बघता?"

"पाव थंड जातत!"

"तुझी पाठ बरी असा," पुंडलिकबाब म्हणायचे. "तोंडापरस बरी."

पाठ हा त्यांचा दुसरा नाद. त्यांच्या व्हिडिओत माणसं बहुतेक पाठमोरी. नार्व्यातला एक नवरामुलगा लग्नानंतर आठ दिवसांनी दुकानात आला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "तीन तासांच्या व्हिडिओत माझं तोंड कमी, आणि आमच्या म्हशीचं जास्त!"

"म्हस कॅमेऱ्याकडे बघान एकदाय हसली नाय," पुंडलिकबाब शांतपणे म्हणाले. "त्या मांडवात तीच एकटी खरी."

गाण्यांचा त्यांना राग. त्यांच्या व्हिडिओत भांड्यांचा आवाज, कोणाचा तरी खोकला, स्वयंपाकघरातली भांडणं, सगळं असायचं, पण बासरी नसायची. "गाणां घालून रडवणां म्हणजे माणसाच्या कानात काडी घालून रड रे म्हणणां," ते म्हणत. एकदा माझ्याकडून दिवा खाली झुकला आणि सीमांतपूजनाचे भटजी व्हिडिओत अगदी राक्षसासारखे दिसले. त्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "बघितलंस? माणूस तोच, मंत्र तेच. तू नुसतो हात चार बोटां खाली केलंस आणि भटाचो राकेस झालो. हातात दिवो असा तेव्हा जपून रव, उजेडा."

मी जपून राहिलो नाही.

दिवस बदलले. लोकांना तीन तास नको झाले. चार मिनिटांची छोटी फिल्म हवी, फोनवर पाठवता येईल अशी, मंद गतीत, गाण्यासकट. पुंडलिकबाबांना ते जमेना. मी कॉम्प्युटरवर कापाकापी शिकलो. जे दोन तुकडे कधी एकमेकांना भेटले नाहीत, ते शेजारी ठेवले की त्यातून तिसरंच काहीतरी उभं राहतं, हे मला कळलं. दुपारी शिंकणारा काका संध्याकाळच्या पाठवणीत घातला, तर तो हुंदका देतोय असं वाटायचं. लोक बघून रडायचे. मी मागे उभा राहून त्यांचं रडणं बघायचो आणि मला वाटायचं, आठवीतून सुटलेल्या पोराला हे जमतंय!

मग नार्व्यातलंच आणखी एक लग्न आलं. मुलगी मनाली. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली, आणि मग शालनबाय त्या घरात आली. सावत्र. शालनबायने मनालीला वाढवलं, शिकवलं, दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भाजी विकताना तिला शेजारी बसवून तिच्याकडून पाढे म्हणून घेतले. पण गावाची नजर अशी असते की सावत्र आईने दूध दिलं तरी लोक त्यात साय आहे का बघतात.

त्या लग्नात दुसरा कॅमेरा माझ्याकडे होता. दुपारच्या पंगतीत वाढप्याचा पाय घसरला आणि पळीभर खतखतं, भाज्यांचं कालवण, पुंडलिकबाबांच्या टोपीवर पडलं. ते शॉट घेत होते. आकडा तीनवर होता. कानावरून शेवग्याची शेंग ओघळतेय आणि हा माणूस ओठ हलवत चार, पाच, सहा! शालनबाय हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने पदराने डोळे पुसले. ते मी अगदी जवळून टिपलं.

संध्याकाळी पाठवणी झाली. मी मनालीवर कॅमेरा ठेवला. पुंडलिकबाब मांडवात कुठे दिसेनात. ते घरामागे गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. मनालीच्या सासरी पूजा होती आणि त्याआधी फिल्म हवी होती. मी एकटाच कापायला बसलो. मनाली ओक्साबोक्शी रडतेय, वर बासरी, आणि आता तिच्या आईचं तोंड हवं. शालनबायचं समोरून घेतलेलं तोंड सगळ्या लग्नात एकच होतं, पंगतीतलं. पुंडलिकबाबांनी घेतलेल्या सगळ्या शॉटमध्ये तिची पाठ. घरामागचा एक लांबलचक शॉट होता, त्यात नुसती विहीर आणि शालनबाय पाणी ओढतेय. मी तो कंटाळून पुढे ढकलला. पंगतीतलं तोंड मंद केलं, तीन आकड्यांवर कापलं. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ते रडणंच वाटत होतं. डोळ्यांत पाणी, हातात पदर. मी पुंडलिकबाबांना न दाखवता फिल्म पाठवून दिली.

सासरी ती फिल्म मोठ्या टीव्हीवर लावली. मोठ्या टीव्हीवर दात दिसतात.

लेक हंबरडा फोडतेय, आणि सावत्र आई हसतेय. तेही सावकाश, मंद गतीत, बासरीवर. दोन दिवसांत ती फिल्म पेडण्यापासून डिचोलीपर्यंत प्रत्येक फोनवर पोचली. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात शेजारची भाजीवाली शालनबायला म्हणाली, "काय गो शालनबाय, आज हसूक नाय?" पुढच्या शुक्रवारी शालनबाय बाजारात गेली नाही. पण खरा घाव वेगळाच होता. मनालीने सासरहून फोन केला आणि एवढंच विचारलं, "आई, तू हसलंस?" हसली तर शालनबाय होतीच, पण केव्हा? त्यानंतर मनालीचा फोन येईना.

मनालीचा बाप रघुवीर दुकानात आला. टोपी हातात, तोंड लाल.

"कोणी कापला ह्यां? सांगा माका. कोणी?"

माझ्या हातात वायर होती. मी ती गुंडाळत होतो. पुंडलिकबाबांनी रघुवीरकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. डावा डोळा मिटला. ओठ हलायला लागले.

एक. दोन. तीन. मी वायर गुंडाळत राहिलो. ते आकडे माझ्यासाठी होते हे मला तेव्हाही कळत होतं. सातापासून माणूस खरा दिसायला लागतो, हेही ठाऊक होतं. आठ. नऊ. मी वायरीची गाठ सोडवायला लागलो. तिला गाठ नव्हतीच.

दहा झाले. त्यांनी डोळा उघडला.

"मी कापलंय," ते रघुवीरला म्हणाले. "वय झाला. नीट दिसणा नाय."

रघुवीर त्यांना जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. ते ऐकायला हवं होतं मी, आणि ऐकलं त्यांनी.

दुसऱ्या सकाळी ते म्हणाले, "चल, उजेडा." आम्ही बस बदलत बदलत पेडण्याकडे मनालीच्या सासरी गेलो. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. आधी पंगत दाखवली, न कापलेली. टोपी, खतखतं, शेंग, आणि शालनबायचं हसू. घरातली पोरं खो खो हसली. मनालीची सासू मात्र हसली नाही. म्हणाली, "ह्या जेवतनाचा. पाठवणीक ही खंय होती ता दाखवा."

मग त्यांनी तो घरामागचा शॉट लावला. ज्याला मी कंटाळलो होतो तो.

लांबून घेतलेला. विहीर आणि शालनबायची पाठ. ती कळशी सोडते, पाणी ओढते, वर घेते आणि परत विहिरीत ओतते. पुन्हा सोडते. कप्पी करकरते. दूर कुठेतरी बाजा वाजतोय. ती पुन्हा ओढते, पुन्हा ओतते. तोंड एकदाही दिसत नाही. दहा झाले, वीस झाले, साठ झाले. कॅमेरा हलला नाही.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, टीव्ही बंद करतायत. त्यांनी पंखा बंद केला, आवाज नीट यावा म्हणून. तेव्हा कप्पीच्या करकरीखाली दुसराही एक दाबलेला आवाज आहे, हे सगळ्यांना ऐकू आलं.

मनाली म्हणाली, "आमच्या नार्व्याच्या घरात नळ असा." आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

परत येताना म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीची बस लागली नव्हती. मी विचारलं, "सगळे नवरीकडे बघत होते. तुम्ही विहिरीकडे कसे गेलात?" खरं तर मला माफी मागायची होती. पण तोंडातून हेच निघालं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आमची बायल जिती होती तेव्हा माझ्यावांगडा लग्नांका येई. घरात एकटी कित्याक रवतली म्हणान. ती गेल्यार मी सगळ्यो जुन्यो टेपी बघितलंय. एका लग्नात ती गावली. दारात उभी. माझ्याकडे बघी होती, काय तरी सांगूच्या बेतात. तेव्हा दहांचो कायदो नाय होतो, मी चार मोजले आणि कॅमेरो नवरीर न्हेलो. नवरी म्हत्वाची मरे." त्यांनी समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघितलं. "चारांच्या फुडे तिणा काय केल्यान, माका ठावक नाय."

बस आली. मी माफी मागितली नाही.

आता मी इंग्लंडात एका कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी भरतो. इथे यायचे कागद करायला पणजीपर्यंत माझ्याबरोबर खेपा घातल्या त्यांनीच. दर रविवारी मी त्यांना व्हिडिओ कॉल करतो. ते फोन समोर धरतात, डावा डोळा मिटतात. मी दहाच्या आतच हवेबद्दल बोलायला लागतो, थंडीबद्दल, बटाट्यांबद्दल. असे कितीतरी रविवार गेले.

गेल्या रविवारी मी आधी शालनबायला फोन लावला. तिने "कोण?" म्हटलं. मी मनात दोन मोजले आणि सांगून टाकलं. कापलं मी होतं. पुंडलिकबाबांनी नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माका ठावक होतां रे. पुंडलिकबाब तीनांत कापूचो माणूस न्हय." पुढे म्हणाली, "तुझ्या तोंडसून कधी येता, ती वाट बघी होतंय." ती हसली नाही, रागावलीही नाही. "जेवलंस मरे?" एवढं विचारलं.

मग पुंडलिकबाबांना लावला. त्यांनी डोळा मिटला. मी या वेळी हवेचं काही काढलं नाही. म्हटलं, "शालनबायला सांगितलं." त्यांचे ओठ हलायचे थांबले. कितव्या आकड्यावर, ते कळलं नाही. डोळा उघडला, पण "आता बोल" म्हणाले नाहीत. फोन टेबलावरच्या डब्याला टेकवून ठेवला आणि उठून च्या करायला गेले. फोन चालूच आहे, हे विसरले असावेत.

मला त्यांची पाठ दिसत होती. इतक्या वर्षांत मी ती कधी बघितली नव्हती. मागे दिवा धरून मीच तर उभा असायचो, पण माझी नजर नवरीवर. खांदे केवढे उतरलेत. शर्टाची शिवण एका बाजूला उसवलेली. मी फोन ठेवणार होतो, ठेवला नाही. मोजायला लागलो.

सात. आठ. नऊ. दहा. त्यांनी फळीवरून दोन कप काढले. दोन्ही फडक्याने पुसले. मग हातातल्या दुसऱ्या कपाकडे बघत राहिले, आणि तो परत फळीवर ठेवला.