आईला खुर्ची द्या!

वाचकहो, एकाही माणसाशी न बोलता मी समाज बदलणार होतो! बोलण्याची मला पूर्वीपासूनच धास्ती. वर्गात हजेरी देताना माझा आवाज मांजराच्या पावलांनी येतो आणि बाई मला गैरहजर धरून पुढे जातात. म्हणूनच ‘डिजिटल माध्यमे आणि सामाजिक न्याय’ यावर चिंतन लिहा, सोबत स्वतः एक पोस्ट करा आणि तिचा परिणाम नोंदवा, असं बाईंनी सांगितलं तेव्हा वाटलं, हा विषय खास माझ्यासाठीच काढला आहे!

अन्याय शोधायला लांब जावं लागलं नाही. तो आमच्याच स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होता. बाबा आणि मी बाहेरच्या खोलीत टेबलाशी जेवतो. मध्ये एक अर्धी भिंत, आणि तिच्यापलीकडे आई. आम्हाला वाढता वाढता ती सगळ्यांच्या शेवटी जेवायला लागते, तेही उभ्यानं, हातात ताट धरून. त्या संध्याकाळी खिडकीतला विझत चाललेला उजेड तिच्या खांद्यावर येऊन थांबला होता. मी हळूच फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘सगळ्यांना वाढून झाल्यावरही जी कधी बसत नाही, ती माझी आई. आईला खुर्ची द्या!’

लोकांनी पोस्ट वाचली, हळहळ व्यक्त केली, आणि पोस्ट शब्दशः घेतली!

पहिला फोन मावशीचा. “भाऊजी, ताईला बसायला घरात खुर्ची नाही? सांगायचं तरी!”

“कोण म्हणतं नाही? चांगल्या चार आहेत!” बाबा कडाडले.

“असू द्या, लाजू नका. पाठवते.”

मावशीची घडीची खुर्ची आली. तिच्यामागून शेजारच्या काकांची आरामखुर्ची. आत्यानं फोटोवरूनच निदान केलं, “वहिनी बसत नाही म्हणजे गुडघे गेले!” आणि चाकांची खुर्ची धाडली. नाक्यावरच्या सलूनवाल्यानं तर कहर केला. दुकानातली जुनी फिरती खुर्चीच दोघांच्या मदतीनं उचलून आणली. लोखंडी पाया, मान टेकायला उशी, बसणाऱ्याला वर चढवायला बाजूला दांडा!

“आई बसली पाहिजे, बस्स!” तो डोळे पुसत म्हणाला.

त्याला परत पाठवणं मला जमलं नाही. मला कोणालाच काही सांगता येत नाही, आणि माझी सगळी चळवळ त्याच पायावर उभी होती!

“हे घर आहे की लग्नाचा हॉल?” बाबा खुर्च्यांमधून अंग चोरत फिरू लागले.

तेवढ्यात आई कामावरून आली. ती दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर असते.

“आज एका आजींनी नाव सांगायच्या आधी खिडकीतून हात घालून माझा गाल कुरवाळला. म्हणाल्या, ‘बस गं बाई जरा!’ अरे, मी दिवसभर बसलेलीच असते! बसण्याचाच पगार घेते!”

“आई, ते अदृश्य श्रम...”

“अदृश्य? सगळ्या गावानं पाहिले! माझा विटका गाऊन, विस्कटलेले केस, तोंडात घास. मला विचारलं होतंस?”

नव्हतं विचारलं. जिच्यासाठी न्याय मागायला निघालो होतो, तिचीच परवानगी घ्यायची राहून गेली होती. आई पुढे काही बोलली नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं बाबांकडे. आई आणि मी गप्प राहूनच एकमेकांना ओळखतो. पण ही शांतता वेगळी होती, दार आतून लावून घेतल्यासारखी. समाज गेला खड्ड्यात, हे दार उघडलं पाहिजे!

रविवारी सगळे खुर्चीदाते हजर! आपापली खुर्ची नीट नांदते आहे ना, हे पाहायला. मावशी घडीच्या खुर्चीत, काका आरामखुर्चीत, सलूनवाला त्याच्या फिरत्या सिंहासनावर. आत्या चाकांच्या खुर्चीतून खोलीला प्रदक्षिणा घालून आली. सगळे बसले. आणि आई? ओट्याशी उभी, सगळ्यांचा चहा टाकत!

मी आत गेलो. “आई, चहा मी बघतो,” आणि मग ओठांतल्या ओठांत, “चुकलं माझं. फोटो काढून टाकलाय.”

“काय म्हणतोय तो? मोठ्यानं बोल!” बाहेरून बाबा.

“चुकलं माझं!” मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडलो. आत्याची चाकंसुद्धा थबकली.

आईनं हातातला चहाचा डबा खाली ठेवला. “मला काय, बसायची हौस नाही का रे? पण गरम पोळ्या वाढायला मला इथंच राहावं लागतं, आणि इथं बसलं की ही अर्धी भिंत आडवी येते. उभी राहिले की तुझा चेहरा दिसतो. तू तर काही सांगत नाहीस. तुझा दिवस कसा गेला, ते मला तुझ्या जेवण्यावरून कळतं. काही खुपलेलं असलं की नुसता घास चिवडत बसतोस.”

माझ्या हातातली साखर ओट्यावर सांडली. आणि मला वाटत होतं, या घरात मीच एकटा कुणाकडे तरी पाहतो आहे!

मावशीनं पदरानं नाक पुसलं. सलूनवाला मात्र उठला. त्यानं आपली खुर्ची ओढत आत आणून अर्ध्या भिंतीला भिडवली आणि आईला तीत बसवलं. बाबांनी मला दंडाला धरून बाहेर टेबलाशी, माझ्या नेहमीच्या जागी नेलं. दांडा हलू लागला. खटॅक! खटॅक! भिंतीमागून आई हळूहळू उगवली. आधी अंबाडा, मग कपाळ, मग डोळे.

“दिसतोय का?” बाबांनी विचारलं.

“दिसतोय,” आई म्हणाली. “रडतोय. आणि इकडे चहा उतू चाललाय!”

तेव्हापासून आई आमच्याबरोबरच जेवते, बसून, आणि आम्हा दोघांपेक्षा वीतभर उंचावरून. बाकीच्या खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. हे सगळं मी चिंतनात लिहिलं, आईला वाचून दाखवलं, तिची परवानगी घेतली आणि मगच बाईंना दिलं. बाईंचा शेरा आला, ‘लेखन हृद्य. संदर्भ कुठे आहेत?’

मी मान वर केली. संदर्भ अर्ध्या भिंतीवरून माझ्या ताटात डोकावत होता.

“शेरा नंतर वाच. ती भाजी संपव आधी!”