ओळख द्यावी, ही विनंती

पत्र लिहावं तर रोबलेनंच, असं राजधानीचं सगळं हर्गेसा शहर म्हणत होतं. निदान रोबले तरी तसं सांगत होता. अठरा वर्षं तो एका सरकारी कचेरीत बसून जगातल्या एकेका देशाला पत्र टाकत होता : आमचा सोमालीलँड सोमालियापासून वेगळा झालाय, आम्हाला देश म्हणून ओळखा. उत्तर एकाचंही आलं नव्हतं, पण त्याला रोबले काय करणार? मजकुरात खोट काढून दाखवा, म्हणायचा.

खोट निघाली ती घरात. एका परदेशी पाहुण्याला बाजार दाखवत तो टाय लावून ऐटीत चालला होता. समोरून त्याची बायको देका आली. एका हातात उंटिणीच्या दुधाचा कॅन, दुसऱ्या हातात शेळीची दोरी, आणि शेळीचा पुढे यायला साफ नकार. देकानं नवऱ्याला हाक मारली. रोबलेनं मान वळवून मसाल्याच्या दुकानाकडे पाहिलं.

"त्या बाई तुम्हाला बोलावतायत," पाहुणा म्हणाला.

"आमच्याकडे सगळेच सगळ्यांना बोलावतात," रोबले म्हणाला.

संध्याकाळी देकानं बोचकं बांधलं आणि शेळीसकट बुरओला भावाकडे निघाली.

"अगं, मी कामात होतो."

"काम म्हणे! अख्ख्या जगाकडे ओळख मागत फिरता, आणि बायकोला ओळख दाखवायला मान दुखते? आता मलाही लेखी द्या. शिक्क्यासकट. मग बघू परत यायचं का."

फोन ती घेईना. शाळामास्तर असलेला मेहुणा घ्यायचा आणि सांगायचा, "ताई म्हणते, या नावाचं कुणी तिच्या ओळखीचं नाही."

आठवडाभर रोबलेनं स्वतः केलेले, आंबोळीसारखे पण करपलेले लाहोह चहात बुडवून खाल्ले. घर खायला उठलं होतं. देकाशिवाय आपलं पान हलत नाही, हे त्याला आधीही माहीत होतं, फक्त कबूल करायची वेळ आली नव्हती. शेवटी त्यानं कचेरीत बसून देकाला सोमालीत मनापासून माफी लिहिली. त्याच दिवशी एका इवल्याशा बेटावरच्या देशाला नेहमीचं इंग्रजी पत्रही लिहिलं. कागद तोच, शिक्का तोच, लिफाफेही तेच. बायकोला वेगळ्या तऱ्हेनं पत्र लिहितात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

चौथ्या दिवशी देका दारात उभी. सोबत शेळी.

"भावानं अर्थ सांगत वाचून दाखवलं," ती डोळे पुसत म्हणाली. "'आम्हाला ओळखा, एवढीच विनंती. आजवर थांबलो, पुढेही कितीही वर्षं थांबू.' एवढं प्रेम होतं तर कधी बोलला का नाहीत? फक्त ते स्वतःचा झेंडा आणि स्वतःचं चलन मध्येच कशाला घातलंत, ते नाही कळलं."

रोबलेला दरदरून घाम फुटला. त्यानं पटकन शेळीला पाणी पाजलं.

दोन महिन्यांनी त्याचे साहेब, वारसमे, लिफाफा नाचवत थेट घरी आले. "रोबले, उत्तर आलं. अठरा वर्षांत पहिलं!" आणि देकासमोरच मोठ्यानं वाचू लागले :

"'आपल्या राज्याला ओळख देण्याबाबत अद्याप निर्णय झालेला नाही. मात्र आपलं पत्र आमच्या बंदरातल्या एका सोमाली खलाशानं मंत्रिमंडळाला वाचून दाखवलं. बाजारात झालं ते वाईट झालं. देकाबाई घरी परतल्या का, ते कृपया कळवावं. मंत्रिमहोदयांच्या पत्नी रोज विचारतात.'"

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि चहाही न घेता निघून गेले.

"म्हणजे माझी माफी समुद्रापार गेली," देका सावकाश म्हणाली. "मग मला आलं ते?"

"ते... देशाचं होतं."

देकानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता खालीच बसली. रोबलेला हायसं वाटलं.

"उद्या सकाळी टाय लावा," ती डोळे पुसत म्हणाली. "बाजारात जायचंय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारानं पाहिलं. टाय लावलेला रोबले, एका हातात दुधाचा कॅन, दुसऱ्या हातात शेळीची दोरी, आणि दर दुकानापाशी थांबून तो सांगतोय, "ही माझी बायको, देका." मागून देका राणीसारखी चाललेली.

शेवटी ती दोघं उंटिणीचं दूध विकणाऱ्या म्हातारीपाशी आली. म्हातारीनं कपाळावर हात धरून त्याला न्याहाळलं.

"हिला मी केव्हाची ओळखते," ती म्हणाली. "तू कोण रे, बाबा?"

रोबलेनं मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं.

देकानं मान वळवून मसाल्याच्या दुकानाकडे पाहिलं.