शंभरातले चौतीस

तळटीपरावांनी स्वयंपाकघर पाडायला काढलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि त्यांच्या बायकोचा चहा अजून गॅसवर होता.

"अहो, चहा तरी उतरवू द्या!"

"आता जुन्या ओट्याची माया सोड," तळटीपराव म्हणाले. "आज शेअर हातात पडतायत. शंभर!" त्यांनी सुताराला खूण केली. सुतार म्हणाला, "होईल की," आणि पहिला घाव सिंकखालच्या कपाटावर बसला. बायको पातेलं घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

हे तळटीपराव कोण, असं विचाराल तर मला रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटतात, एवढंच सांगतो. पुढं जे घडलं ते 'मी' म्हणून सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून तळटीपराव. नाव ऑफिसनं ठेवलेलं आहे. कंपनी कपडे धुण्याची यंत्रं बनवते आणि तळटीपराव त्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तीन-चार टिपा टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. 'वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य ते एकवीस वर्षं लिहीत आले आहेत, पण सूचना वाचलेला एकही माणूस त्यांना अजून भेटलेला नव्हता. आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे त्यांचं जन्माचं दुःख. घरात नवी वस्तू आली की तेही पुस्तिका खोक्यातच ठेवून बटणं दाबत सुटतात, ही गोष्ट वेगळी.

चार वर्षांपूर्वी कंपनीनं त्यांना शंभर शेअर देऊ केले होते. अट एकच, चार वर्षं नोकरी सोडायची नाही. तळटीपरावांना दुसरीकडे कुणी बोलावत नव्हतं, त्यामुळे ही अट त्यांनी मोठ्या निष्ठेनं पाळली.

शेअरांचं काय करायचं, हे ठरलेलंच होतं. सिंकवरची खिडकी उघडली की तिचं दार नळावर आपटायचं. भांडी घासायची तर खिडकी बंद, वारा हवा असेल तर भांडी बंद. चौदा वर्षं बायको असं निभावत आली होती आणि चौदा वर्षं तळटीपराव "करू या की" म्हणत आले होते. ती कधी बोलून दाखवत नसे, आणि तेच त्यांना जास्त लागे. निदान एक शब्द तरी आपण खरा करून दाखवायचा, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. त्या भरात त्यांनी सुताराला मधोमध एक दगडी ओटाही सांगून टाकला होता, चारी बाजूंनी फिरता येईल असा.

नऊ वाजता त्यांनी फोन उघडला. खात्यात शेअर आले होते. सहासष्ट.

तळटीपरावांनी चष्मा पुसला. तरी सहासष्टच. उरलेले मागून येत असतील, अशी त्यांनी समजूत करून घेतली. मागून कुणी आलं नाही. दुपारी ते पगार विभागातल्या ताईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"ताई, माझे चौतीस शेअर गहाळ झालेत."

"गहाळ नाही झाले. करात गेले."

"करात? मी अजून एक पैसा पाहिला नाही!"

"शेअर हातात पडले, त्या दिवशी जो भाव होता तेवढ्याचा पगारच तुम्हाला मिळाला असं धरतात," ताई म्हणाल्या. हे त्यांनी त्या दिवशी बहुधा अकराव्यांदा सांगितलं असावं. "शंभरच्या शंभरावर कर लागला. कंपनीनं तिथल्या तिथं चौतीस विकून तो भरला."

"मला न विचारता?"

"चार वर्षांपूर्वी विचारलं होतं. तुम्ही वाचून सही केलीय."

न वाचता सही करणाऱ्यांबद्दल तळटीपरावांची मतं फार कडक होती. ऐन वेळी त्यांतलं एकही त्यांना आठवलं नाही.

त्यांचा चेहरा पाहून ताईंना दया आली असावी. त्यांनी खणातून पेन्सिलींचा खोका काढला. "ह्या दहा पेन्सिली तुमच्या. बरोबर? आता ह्यातल्या तीन मी करापोटी परत घेतल्या. तुमच्याकडे सात. पण मिळाल्या किती? दहा."

"मग सातच द्यायच्या होत्या की! दहाचा डंका कशाला?"

"सात दिल्या असत्या तर सातातल्या दोन गेल्या असत्या."

"आणि पाच दिल्या असत्या तर?"

"पाचातली दीड. अहो, त्या सात खिशात कुठं घालताय? परत ठेवा. त्या ऑफिसच्या आहेत."

घरी मेहुणा येऊन बसला होता. मेहुण्यानं जन्मात एकही शेअर घेतलेला नाही, त्यामुळे त्याचं कधी नुकसान झालेलं नाही, आणि म्हणून शेअरबाजारावर त्याचा शब्द घरात शेवटचा. "आत्ता विकू नका, भाऊजी," तो म्हणाला. "थांबा जरा. भाव असा चढेल की ते चौतीस भरून निघतील." तळटीपरावांना हे पटलं. आपल्या मनातलंच दुसऱ्यानं बोललं की त्यांना ते नेहमी पटतं.

म्हणून ते थांबले. इकडे गॅस जेवणाच्या टेबलावर आला होता आणि भांडी बाथरूममध्ये. महिनाअखेरीस पगाराची चिठ्ठी आली. शेअरांची किंमत त्यात धरलेली असल्यामुळे तिच्यावरचा आकडा पाहून कुणालाही धडकी भरली असती. हातात आलेली रक्कम मात्र नेहमीचीच होती. मेहुण्यानं नेमका वरचा आकडा वाचला.

"एवढा पगार, भाऊजी? आणि माझी बहीण बाथरूममध्ये बसून कढया घासते?"

तळटीपरावांनी त्याला पेन्सिलींचं उदाहरण सांगून पाहिलं, पण त्यांचे दहातून तीन गेल्यावर कधी सात उरत आणि कधी सहा.

त्यातच कंपनीचं नवं यंत्र बाजारात आलं. वाहतुकीत हलू नये म्हणून त्याच्या पाठीला चार पेच बसवलेले होते. ते काढल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, हे नवव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, स्पष्ट लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं होतं ते सांगायला नको. लोकांनी पेच तसेच ठेवून कपडे पिळायला लावले आणि घरोघरी यंत्रं थडथडत बैठकीच्या खोलीपर्यंत चालत आली. तक्रारींचा पाऊस पडला. तीन आठवड्यांत कंपनीच्या शेअरचा भाव चौथाईनं खाली आला. आपल्याच तळटिपेनं आपले शेअर बुडवले, हे तळटीपरावांच्या लक्षात आलं, पण ते त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

ते पुन्हा ताईंकडे गेले.

"ताई, भाव पडलाय. आता त्या मानानं थोडा कर परत करा."

"कर त्या दिवशीच्या भावावर."

"पण त्या भावानं मी विकलेच नाहीत!"

"ती तुमची हौस. त्या दिवशी विकले असते तर पूर्ण किंमत आली असती."

"आणि चढला असता तर?"

"तर विकताना, जेवढा चढला तेवढ्यावर पुन्हा कर."

"म्हणजे चढला तर सरकार भागीदार, आणि पडला तर मी एकटा?"

"तोटा लिहून ठेवा. पुढं कधी शेअरांत नफा झाला तर त्यातून वजा करता येईल."

"पुढं कधी?"

"ते तुमच्या मेहुण्यांना विचारा."

तळटीपराव संतापले. स्वतःवर संतापण्याची वेळ जवळ आली की ते नेहमी दुसऱ्यावर संतापतात. "हे सगळं कर्मचाऱ्यांना आधी साध्या भाषेत सांगायला नको? मी एकवीस वर्षं ह्या धंद्यात आहे! एक पत्रक काढायला काय झालं होतं?"

"काढलं होतं की," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फाइलमधून एक चौपानी पत्रक काढून दिलं. तळटीपरावांनी लाल पेन सरसावलं आणि शेवटच्या पानाच्या तळाची टीप मोठ्यानं वाचली. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसंही ऐकू लागली.

"'हस्तांतरणदिनी देय होणाऱ्या करापोटी यथोचित संख्येचे समभाग राखून ठेवण्यात येतील.' ही काय भाषा झाली? ह्याला स्वतःला तरी कळलं होतं का, काय लिहितोय ते? कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

ताईंनी पत्रकाच्या अगदी खालच्या कोपऱ्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं. तिथं छापलेलं होतं: लेखक क्र. ७.

कंपनीत लेखक क्रमांक सात एकच होता, आणि तो त्या वेळी हातात लाल पेन घेऊन उभा होता.

आता त्यांना सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी पगार विभागातून एक कच्चा कागद आला होता. त्यातलं एकही अक्षर त्यांना कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते भारदस्त करून दिलं होतं. न समजलेलं लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कंपनीत कुणी नाही. ह्याच कौशल्याबद्दल कंपनीनं खूश होऊन त्यांना शेअर दिले होते.

घरी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. सुतार हात पुसत उभा होता. बायको टेबलाशी चमचे पुसत होती.

"हे बघ," तळटीपराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "शंभर नव्हतेच. सहासष्ट होते. आणि आता त्यांचेही त्या दिवशीच्या पन्नासाइतकेच पैसे येतील. चूक माझीच आहे. तो मधला दगडी ओटा काही जमायचा नाही." मग ते सुताराकडे वळले. "तो हिशोबातून काढा."

"तो धरलाच नाही," सुतार म्हणाला. "वहिनींनी पहिल्याच दिवशी खोडला."

"मी सांगितलं तेव्हा तुम्ही 'होईल की' म्हणालात!"

"तुम्हाला 'होईल की' म्हणायचं आणि वहिनींना विचारून करायचं, असं ठरलंय."

तळटीपराव आत गेले. ओटा जागच्या जागी, साधा, नीटस झाला होता. खिडकीचं दार आता बाजूला सरकत होतं. त्यांनी ते उघडलं, मग नळ सोडला, मग दार पुन्हा बंद करून पुन्हा उघडलं. काहीच कशावर आपटलं नाही. चौदा वर्षांनी हे झालं होतं आणि त्यात त्यांचा हात जवळजवळ नव्हता, म्हणूनच ते नीट झालं होतं.

"तुला कसं कळलं?" बाहेर येऊन त्यांनी विचारलं.

बायकोनं चमच्यांच्या डब्याखालून एक कागद काढला. तेच चौपानी पत्रक, घड्या पडून मऊ झालेलं, तळटिपेखाली पेन्सिलीची रेघ ओढलेलं. "चार वर्षांपूर्वीच वाचलं. तीनदा वाचावं लागलं, पण तुमच्या भाषेची सवय आहे मला. करापोटी शेअर जाणार, हे ह्यात आहे; चौतीस हा आकडा मी तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवरच्या करावरून काढला. सोळा माझ्या भावाच्या सल्ल्यापायी जाणार, हे ह्यात नाही, ते मी आपलं धरलं. राहिले पन्नास. तेवढ्यातच बसवलं."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्हीच लिहिलंय! म्हटलं, तुम्हाला माहीत असणारच."

तळटीपराव खुर्चीवर बसले. एकवीस वर्षं ते ज्या वाचकाची वाट पाहत होते, तो त्यांच्याच घरात बाथरूममध्ये कढया घासत होता. त्यांना फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"एकच कळलं नव्हतं," बायको पत्रक पुढं करत म्हणाली. समासात तिनं बारीकसं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. "आता उरलेले विकायचे, तेव्हा पुन्हा कर द्यायचा का?"

तळटीपराव सरसावून बसले. त्यांनी टेबलावरचे दहा चमचे मोजून तिच्यापुढं ठेवले. "हे बघ. दहा चमचे तुझे. तीन मी कर म्हणून घेतले. उरले सात. त्यांची आजची किंमत लिहून ठेव. उद्या ह्या सातांना जास्त पैसे आले, तर फक्त जेवढे जास्त तेवढ्यावर कर. कमी आले, तर काही नाही. आपला भाव पडलाय, म्हणजे आता पुन्हा कर नाही."

बायकोनं चमच्यांकडे पाहिलं, मग पत्रकाकडे, मग नवऱ्याकडे.

"मग असं लिहायचं की हो!" ती म्हणाली.