खैरनार मास्टरांचं कमरेचं काम

खैरनार मास्टर खुर्चीवर तीन टप्प्यांत बसतात. आधी उजवा हात कमरेमागे जातो, मग डावा पाय पुढे सरकतो, आणि शेवटी मास्टर जरा तिरके होऊन खुर्चीच्या कडेवर टेकतात. नव्या माणसाला वाटतं, पाठ धरली असेल. पाठ ठणठणीत आहे. मास्टरांच्या कमरेला पिस्तूल असतं. सागवानाचं.

सिंधीपुऱ्यात आमच्या दारासमोरच त्यांचं दुकान. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मी 'सर' आणि ते 'मास्टर'. शिकवण्यात ते माझ्यापेक्षा वरचढ आहेत. पस्तीस वर्षं ते पुरुषांचे कपडे शिवतायत, पण नाव झालं ते कमरेच्या कामामुळे. आमच्याकडच्या काही केळीच्या व्यापाऱ्यांकडे, सराफांकडे परवान्याचं हत्यार असतं. ते पँटीत खोचायचं, वर शर्ट सोडायचा आणि दिवसभर हिंडायचं. विकणारा ते विकून मोकळा होतो. कुठे टोचेल ते सांगत नाही. टोचायला लागलं की गिऱ्हाईक मास्टरांची पायरी चढतं.

मास्टर आधी हत्याराचं माप घेतात, मग माणसाचं. हत्यार बाहेरच रिकामं करून दाखवायचं, हा नियम. मग गल्लीतला सुतार त्याच मापाचा सागवानी तुकडा कापतो, वजनासाठी आत शिसं भरतो, आणि तो तुकडा मास्टर स्वतः दिवसभर कमरेला लावतात. जिना चढतात, स्कूटर चालवतात, मांडी घालून जेवतात. त्यानंतरच कापडाला कात्री. "जे मला नाही चुभलं, ते तुम्हाला नाही चुभणार," ही त्यांची गॅरंटी.

त्यांचा सिद्धांत मला तोंडपाठ आहे, कारण तो रोज चहाबरोबर मिळतो. "पाहा सर, नळीची लांबी उभ्या माणसाले समजतच नाही, बसला की समजते. जाडी मात्र दिवसभर चुभते. अन् मूठ चुगलखोर. शर्टातून पहिले तीच दिसते." लोक लपवायला सोपं म्हणून अगदी आखूड नळीचं घेतात, तर तेही चुकतं म्हणे. सगळं वजन वर मुठीत, खाली धरायला काही नाही, मग ते पट्ट्यावरून बाहेर कलतं.

आमच्याच गावातल्या लालबाग भागातल्या एका केळीवाल्या शेठनी हौसेनं चांगलं लांब पिस्तूल घेतलं आणि ते लावून भाच्याच्या लग्नाला गेले. बसायची सोय राहिली नाही. ते खांबाला टेकून उभ्यानंच जेवले. वधूपित्याला वाटलं, मामा रुसले. तो बिचारा हात जोडून तीनदा मनधरणीला आला, आणि शेठना खरं कारण सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मास्टरांनी त्यांना समोर बसवून ऐकवलं, की शेठ, माल चांगला आहे, पण तुम्ही बसणारे माणूस आहात आणि हे उभ्या माणसाचं हत्यार आहे.

गेल्या वर्षापासून मात्र मास्टरांच्या कमरेला एकच लाकूड आहे. आठ इंच लांब, जाडजूड, वजनाला किलोच्या आसपास. एवढं मोठं आमच्या गावात कुणी लावत नाही. जाडी नीट मोजायला त्यांनी माझ्या प्रयोगशाळेतलं व्हर्नियर मागून नेलं होतं. ते अजून परत आलेलं नाही. कुठल्या शेठचं काम म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आहे एक गिऱ्हाईक. येत नाही दुकानात."

ते गिऱ्हाईक म्हणजे त्यांची मुलगी, वैशाली.

दुकानाच्या मागच्या खोलीत काज-बटणं करत वाढलेली पोर. सहा वर्षांपूर्वी मास्टरांनी तिच्यासाठी तुकईथडचं स्थळ पक्कं केलं, आणि त्याच आठवड्यात तिनं पोलिसभरतीची परीक्षा पास झाल्याचं सांगितलं. मास्टर संतापले. पुरुषांचे कपडे शिवण्यात जन्म गेला, पण पोरीला पुरुषांची वर्दी शिवून देणार नाही, असं ते भर दुकानात म्हणाले. हे मी समोरच्या ओट्यावरून ऐकलं आणि गप्प बसलो. तिनं वर्दी दुसरीकडे शिवून घेतली. तेव्हापासून बाप-लेकीत बोलणं नाही. फोन येतो तो तिच्या आईला, वहिनींना, आणि त्या वेळी मास्टर मशीन थांबवून सुईत दोरा ओवत बसतात. त्या सहा वर्षांत त्यांनी किती दोरे ओवले असतील, देव जाणे.

गेल्या वर्षी तिची बदली साध्या वेशातल्या पथकात झाली. पिस्तूल आता शर्टाखाली, कमरेत. वहिनींच्या तोंडून निघून गेलं, की पोरीच्या बरगडीखाली काळंनिळं झालंय, एका कुशीवर झोपता येत नाही. मास्टरांनी ओळखीच्या हवालदाराला दोन शर्ट फुकट शिवून दिले आणि तसल्या पिस्तुलाची मापं विचारून घेतली.

आठ महिने ते लाकूड त्यांनी लावलं, आणि त्यांच्या बरगडीला काही होईना. एके दुपारी मी दुकानात शिरलो, तर मास्टर आरशासमोर उभे, आणि कमरेखाली दोन्ही बाजूंना फडक्यांच्या गाद्या बांधलेल्या. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, आणि खाली हा थाट. मी पोट धरधरून हसलो. अख्खी गल्ली हसली असती.

मास्टर रागावले नाहीत. "हसा सर. पण बाईमाणसाची कंबर खाली रुंद असते, हे मी पस्तीस वर्षं विचारातच घेतलं नाही. खालून नळी बाहेर ढकलली जाते, अन् वरून मूठ बरगडीत घुसते. पोरीले तिथंच लागून राह्यलं." मग गाठ सोडता सोडता म्हणाले, "मी वर्दी शिवून दिली नाही. ज्यानं दिली, त्याले काय माहीत तिची कंबर?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. अजून वाटते.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. कमरपट्टी खाली उतरवली, आतून दुहेरी कॅनव्हास लावलं, आणि मुठीच्या आतल्या बाजूला एक पातळ गादी बसवली, म्हणजे मूठ बरगडीत घुसणार नाही. तिचं माप विचारण्याची हिंमत नव्हती. सहा वर्षांपूर्वीच्या सलवारीवरून अंदाज घेतला. अंदाजावर पक्की शिलाई घालायची नाही, म्हणून दोन्ही पँटी कच्च्या टाक्यांवर ठेवल्या. चिठ्ठी घातली नाही. पत्ता माझ्याकडून लिहून घेतला आणि पार्सल वैशालीला वहिनींच्या नावानं गेलं.

महिना गेला. वहिनींचे फोन चालू होते, पण पँटींचा विषय निघेना, आणि मास्टरांनी काढू दिला नाही. मग एका संध्याकाळी पार्सल परत आलं. मी ओट्यावरच होतो. मास्टरांनी ते बराच वेळ फोडलं नाही. "नाही घातली तिनं," एवढंच म्हणाले. शेवटी वहिनींनी कात्री घेतली.

दोन्ही पँटी होत्या. मास्टरांनी एक उलटी करून दिव्याखाली धरली. दोन्ही बाजूंच्या शिवणींवर निळ्या खडूची सरळ रेघ होती, आणि रेघेवर टाचण्या, सगळ्यांची डोकी एका दिशेला, दुकानात लावतात तशा. तिनं घालून पाहिली होती. ट्रायल दिली होती. बापानं टेप लावला. रेघ दीड इंच आत होती.

"दीड इंच उतरली पोर," मास्टर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही.

वहिनींनी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. सहा वर्षांनी बाप लेकीशी काय बोलतो, हे ऐकायला मी थांबायला नको होतं, पण थांबलो. मास्टर म्हणाले, "काहून गं, जेवत नाहीस का तू?"

फोनचा आवाज मोठा होता, पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. वैशाली म्हणाली, "पप्पा, पक्की शिलाई घालू नका अजून. शनिवारी मी येऊन राह्यली. अंगावर पाहूनच घाला."

मास्टरांनी फोन ठेवला, आणि हात कमरेमागे न नेता एकदम खुर्चीत बसले. लाकूड चांगलंच लागलं असणार. ते काही उठले नाहीत.