मशीन उपाशी ठेवणारी वनिता

आमच्या ऑफिसातली वनिता गायकवाड मशीनचा जीव जाताना बघायला खुर्ची पुढे ओढून बसते. मुठीत शेंगदाणे. "बघ, आता धाप लागली," म्हणते आणि एक दाणा तोंडात टाकते.

याचाच तिला पगार मिळतो. हाटकेश भागात एका गाळ्याच्या वर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मी प्रोग्राम लिहिते, वनिता तो तपासते. खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात ती एक खोटा कॉम्प्युटर उभा करते. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला मुद्दाम चिमूटभर मेमरी देते आणि मग तीही हळूहळू काढून घेते. मेमरी संपल्यावर माझा प्रोग्राम कसा वागतो, हे तिला बघायचं असतं. "भरल्या पोटी सगळेच शहाणे असतात गं!"

मी जळते तिच्यावर. सरळच सांगते. सहा महिने खपून मी एका लॅबसाठी प्रोग्राम लिहिला. मेमरी संपत आली की त्याने हातातले रिपोर्ट आधी जपून ठेवायचे, मग बंद व्हायचं. वनिताने अकरा मिनिटांत त्याला आडवा केला. चाचणीतले सगळे रिपोर्ट गायब.

"स्मिता, तुझं बाळ न सांगताच गेलं," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

साहेब म्हणाले, "क्या बात है, वनिता!" मला सहा महिन्यांत 'ठीक आहे'च्या पुढे काही मिळालं नव्हतं.

चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती रोज माझ्या टेबलावर शेंगदाणे ठेवून जायची. मी त्यांना शिवले नाही. एकदाच खाल्ले.

पाचव्या दिवशी माझी दुरुस्ती झाली आणि तिने पुन्हा मशीन उपाशी ठेवलं. स्क्रीनवरचा आकडा उतरत गेला, तशी ती दाणे विसरली. माझं मनगट घट्ट धरून बसली. प्रोग्राम बंद पडला. उघडून बघितलं, तर एकूण एक रिपोर्ट जागेवर!

"जिंकलीस गं!" ती ओरडली आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी जिलबी घेऊन आली. झालं काय, की अभिनंदन तिचंच झालं. जिलबी तिच्या हातात होती ना.

परवा एचआरची फाल्गुनी आली. "स्मितादीदी, वनिता के इन्शुरन्स फॉर्म में आपका नंबर है, एक आकडा कम है."

"माझा कशाला?"

"इमर्जन्सी में किसको बुलाने का, उधर."

ती राहते त्या पूनम सागर कॉलनीत तिचं भरलेलं घर असेल, असं मी धरून चालले होते. "घरी कोणी नाही?"

"मम्मी थी. इधर जॉइन करने से पहले ही ऑफ हो गई. अकेली रहती है."

आई गेलेली, घरी एकटी; मी कधी विचारलंच नव्हतं. पलीकडे वनिता कुठल्याशा मशीनला दटावत होती.

"रिलेशन का कॉलम खाली छोडा है उसने. क्या लिखूं?"

मी आधी नंबर नीट सांगितला. मग म्हटलं, "बहीण लिही."

"बडी या छोटी?" फाल्गुनी हसली.

"मोठी," मी म्हटलं. एका तरी बाबतीत मला तिच्या वर राहायचं होतं.